डाव्या दरवाज्यावरचा पत्ता

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बेळगावची, शहापूरची. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला चोवीस वर्षं झाली. इथं हायवेवरून जाताना मला एक खोड आहे. बाजूनं ट्रक गेली की मी तिचा दरवाजा वाचते. नंबर, मालकाचं नाव, गाव, खाली वजनाचे आकडे. मुलगा लहान असताना विचारायचा, "आई, तू काय शोधतेस?" मी म्हणायची, "माहेरची गाडी." ते अर्धं खरं होतं. गोल्डन चोकडीला कधीमधी केए २२ दिसते आणि जीव सुखावतो. बडोदा आणि बेळगाव एकाच रस्त्यावर आहेत हे किती जणांना माहीत आहे? आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघतो तो बडोदा, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत थेट चेन्नईला जातो. पूर्वी आमच्या बाजूला तो एनएच ४ होता, इकडे एनएच ८. नंबर बदलला आणि माझं सासर-माहेर एका रस्त्यावर आलं.

पण खोडीचं अर्धं कारण वेगळं आहे. तेच सांगायचंय.

आमच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्या दोन गाड्या होत्या. आमच्याकडे ट्रकला गाडीच म्हणतात. घरासमोर मोकळी जागा होती, तिथं त्या उभ्या असायच्या. दर वर्षी पासिंग आलं की गाडी आठवडाभर घरी थांबायची. पासिंग म्हणजे आरटीओत नेऊन गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे असा दाखला घेणं. ब्रेक, दिवे, टायर, सगळं बघतात. आणि रंग. अक्षरं पुसट झालेली असली तर साहेब गाडी परत पाठवायचा.

म्हणून पासिंगच्या आधी पेंटरकाका यायचे. खानापूर बाजूचे. सायकलच्या मागे डबे, कानावर ब्रश. आम्ही पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. टर्पेंटाइनचा वास अजून नाकात आहे. माझं काम ठरलेलं, आरसी बुकातले आकडे मोठ्यानं वाचायचे. पेंटरकाकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी यायचं, कानडीही थोडंफार यायचं, पण इंग्रजी अक्षर ते चित्र म्हणून काढायचे. तात्या कागदावर लिहून द्यायचे आणि काका ते बघून बघून दरवाज्यावर उतरवायचे. प्रत्येक अक्षराला उजव्या बाजूनं निळी सावली द्यायचे. ती सावली बघून गाडी शहापूरची आहे हे लांबूनच कळतं, असं तात्या म्हणायचे.

गाडीवर काय काय लिहावं लागतं हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढे-मागे नंबर. तोही इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच, तसा कायदाच आहे. त्या वेळी मालगाडीची पाटी पांढरी असायची आणि खासगी गाडीची काळी. आता मालगाडीची पिवळी झालीय आणि खासगीची पांढरी. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्यानंतरच्या आमच्या नव्या गाडीला केए २२ मिळाला. जुनीवर सीए नं सुरू होणारा तीन अक्षरी नंबर होता. तात्यांना तो जास्त आवडायचा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग नॅशनल परमिट. ते तात्यांनी १९९१ साली नव्या गाडीसाठी काढलं तेव्हा घरात पेढे वाटले होते. नियम असा होता की नॅशनल परमिटची गाडी सुक्या पानाच्या तपकिरी रंगात रंगवायची, तिला ३० सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार द्यायची, आणि दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात 'नॅशनल परमिट' असं ठळक लिहायचं. पेंटरकाकांनी मध्ये खिळा धरला, त्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला खडू, आणि गोल फिरवला. तात्यांनी टेप लावून मोजलं. साठ भरलं. आई दारातून म्हणाली, "सुनेचं कुंकू असं मोजून लावलं नव्हतं कुणी."

तेव्हा हे परमिट आपलं राज्य धरून किमान चार लागून असलेल्या राज्यांचं मिळायचं, आणि त्या राज्यांची नावं गाडीवर लिहावी लागत. आमच्या गाडीवर होतं: कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात. गुजरात हा शब्द इंग्रजीत मी पहिल्यांदा लिहिला तो पेंटरकाकांना स्पेलिंग सांगताना. पुढे तिथंच नांदायला जायचंय हे तेव्हा कुणाला ठाऊक! २०१० पासून सगळ्या देशाचं एकच परमिट मिळतं. आता नुसतं 'एन.पी.' लिहिलं तरी चालतं.

आणि डावा दरवाजा. तिथं मालकाचं नाव, पत्ता आणि वजनं. रिकाम्या गाडीचं वजन ६,२०० किलो. मालासकट जास्तीत जास्त वजन १६,२००. म्हणजे माल किती? तात्या मला विचारायचे, मी दरवाज्याकडे बघून वजाबाकी करायची. १०,०००. दहा टन.

माझा दादा तेव्हा एकोणीस-वीसचा. त्याला या सगळ्याचा कंटाळा. त्याचं लक्ष मागच्या फळीवर. तिथं घोडा, मोर, उगवता सूर्य, 'हॉर्न ओके प्लीज'. ते काही कायद्यात कुठंच सांगितलेलं नाही, महाराष्ट्रानं तर २०१५ साली 'हॉर्न ओके प्लीज' लिहायलाच बंदी केली. पण गाडीची शोभा तीच, असं दादाचं म्हणणं. तो म्हणायचा, "तात्या, दरवाज्यावर नाव मोठं घालूया आणि खाली नुसतं बेळगाव. घर नंबर, गल्ली, पोस्ट, एवढं कोण वाचतंय?"

तात्या म्हणायचे, "वाचणारा कधीतरी एकदाच येतो. त्याला सगळं लिहिलेलं पायजे."

पत्ता पूर्णच राहिला. घर नंबर, गल्ली, शहापूर, बेळगाव. पेंटरकाकांनी प्रत्येक अक्षराला सावली दिली.

आता १९९४ चा जुलै.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी तर आठ दिवस उघडीप नव्हती. मडगावला साखर पोचवायची होती. तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं. दहा टन म्हणजे शंभर पोती, हिशेब सोपा. पण हिशेबाप्रमाणे भरणारा माणूस त्या काळी शोधावा लागला असता. भाडं मिळायचं पोत्यामागे, डिझेल आणि हप्ता मात्र ठरलेला. सगळेच वरचं भरायचे. बिल्टीवर शंभर, वरची तीस पोती वेगळ्या चिठ्ठीवर.

त्या दिवशी आमच्या गाडीवरचे ड्रायव्हरमामा दारात आले. मी ओसरीवर अभ्यास करत होते. मामा म्हणाले, "तात्या, शंभरच घालूया की ओ. पाऊस लागलाय. अनमोड उतरताना गाडी धरत नाही."

तात्या थोडा वेळ गप्प बसले. दादाच्या कॉलेजची फी, माझी दहावी, दुसऱ्या गाडीचे टायर, हे सगळं त्या गप्प बसण्यात असणार. मग म्हणाले, "ह्या एका खेपेला चालतंय बघ, मामा. सावकाश जावा."

मामा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दहा टनांची वजाबाकी मला पाठ होती, पण मोठ्यांच्या बोलण्यात मुलीनं तोंड घालायचं नसतं.

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, मग अनमोड आणि तिथून घाट उतरून मोल्याचा नाका. ज्यांनी हा रस्ता जुन्या काळी पावसात केलाय त्यांना मी काय सांगणार. उतारावर वजन जास्त असलं की ब्रेक परत परत मारावा लागतो. ब्रेक तापतो. तापलेला ब्रेक धरत नाही. एका वळणावर गाडी कठड्याला घासत गेली आणि उजव्या अंगावर पडली. रात्रीचे नऊ-साडेनऊ झाले असतील.

मामा आत अडकले, बेशुद्ध. क्लीनर नवा पोरगा, महिनाही झाला नव्हता लागून. त्याला खरचटलं तेवढंच, पण भीतीनं वाचाच गेली होती. विचारलं तर नुसता रडायचा. कागदपत्रांची पिशवी कुठं दरीत गेली, कुणास ठाऊक. थांबलेल्या लोकांनी मामांना बाहेर काढलं, खाली जाणाऱ्या एका गाडीत घालून फोंड्याला नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात. पण हा माणूस कोण, कुठला, कुणाला कळवायचं, काहीच माहीत नाही.

हे सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटे साडेचार-पाचला दार वाजलं. घरी फोन नव्हता. एवढ्या पहाटे दार वाजतं ते कशासाठी, हे ट्रकवाल्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. आईनं आधी देवाला हात जोडले, मग दिवा लावला.

दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चिंब भिजलेला. हातात हिशेबाच्या वहीचं फाडलेलं पान. त्यानं ते पान पुढे केलं आणि विचारलं, "ई विळास निम्दे एन्री?" हा पत्ता तुमचाच का?

तो ट्रक ड्रायव्हरच होता, धारवाडच्या पुढचा. गोव्याहून रिकामा वर चालला होता. रामनगरहून त्याला अळणावरमार्गे धारवाडला वळायचं होतं. ते सोडून तो पन्नास-साठ किलोमीटर बेळगावकडे आला होता, त्या पावसात. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही नाही. फक्त कानडी. गाडी उजव्या अंगावर पडल्यामुळे डावा दरवाजा आभाळाकडे झाला होता. बॅटरी घेऊन तो वर चढला आणि दरवाज्यावर जे जे होतं ते सगळं त्यानं पानावर उतरवून घेतलं. कुठलं नाव, कुठला पत्ता, कुठला आकडा, त्याला कळत नव्हतं, म्हणून काहीच सोडलं नाही. चित्र काढावं तसं. पेंटरकाकांनी अक्षरांना दिलेली सावलीसुद्धा त्यानं काढली होती.

बेळगावात शिरल्यावर तिसऱ्या रेल्वे गेटापाशी त्याला पेपर टाकणारा पोरगा भेटला. त्यानं वाचून दाखवलं. पुढे कपिलेश्वराजवळ एका दूधवाल्यानं गल्ली दाखवली. घर नंबर होता म्हणून तो सरळ आमच्या दारात आला.

तात्यांनी ते पान हातात घेतलं. नाव वाचलं, पत्ता वाचला. त्याच्या खाली भिजून पसरलेले आकडे होते. ६,२००. १६,२००. १०,०००. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांचा अंगठा त्या शेवटच्या आकड्यावर थांबलेला मी पाहिला.

नंतर धावपळ. तात्या आणि दादा शेजारच्यांची जीप घेऊन निघाले. आईनं त्या माणसाला चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच घेतला. पैसे देऊ केले तर हात जोडून नको म्हणाला. "होगतीन्री," म्हणाला आणि गेला. पाच-दहा मिनिटांचा सगळा खेळ.

मामा वाचले. डोक्याला मार होता, उजवा पाय तीन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर तात्यांना म्हणाले, नातेवाईक वेळेत आले म्हणून बरं झालं, रक्त द्यायला माणसं नव्हती. दादानं रक्त दिलं, मागून मामांचे दोन भाऊ पोचले त्यांनी दिलं. पण पाय आखूड राहिला तो राहिलाच. मामा परत गाडीवर बसले नाहीत.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे.

साखर पावसात विरघळली होती. रस्त्यावरून चिकट पाणी वाहत होतं, असं दादा सांगतो. रिकामी पोती अर्धी वाहून गेली, उरलेली लोकांनी नेली. मोजायला काही उरलंच नव्हतं. बिल्टीवर शंभर होती. विम्याच्या अर्जावर शंभर लिहिली असती तर गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळाले असते. सगळ्यांनी तात्यांना तेच सांगितलं. आमच्या काकांनी सांगितलं, ट्रान्सपोर्टमधल्या मित्रांनी सांगितलं. दादानं तर हात जोडले.

तात्यांनी एकशेतीस लिहिलं.

क्लेम नामंजूर झाला. ते नियमाप्रमाणेच होतं, त्याबद्दल तात्यांनी कुणाला बोल लावला नाही. व्यापाऱ्याच्या मालाचे पैसे भरायचे होते, मामांच्या दवाखान्याचं होतं. दुसरी गाडी विकली. पडलेली गाडी भंगारात गेली. वीस वर्षांचा धंदा त्या दिवाळीपर्यंत संपला. समोरची जागा मोकळी झाली आणि आईनं तिथं तुळशीवृंदावन बांधून घेतलं.

दादानं तात्यांशी जवळजवळ दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. एकदा जेवताना तो फुटला. "कुणी बघितलं होतं तीस पोती? कुणी मोजली होती?" तात्या म्हणाले, "मामांनी सांगितलं होतं मला. आणि दरवाज्यावर नाव माझं होतं, खाली आकडा होता. दोन्ही मीच लिहून दिलं होतं पेंटरला." एवढंच. पुढे ताटातलं संपवून उठले. त्यानंतर खडेबाजारात एका दुकानात हिशेब लिहायला जायला लागले. मामांना खानापुरात पंक्चरचं दुकान घालून दिलं आणि दर महिन्याला त्यांच्याकडे जात राहिले, शेवटपर्यंत.

तात्यांचं मन खरं कशानं खाल्लं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री. म्हणाले, "त्या माणसानं आपला दरवाजा सगळा उतरवून घेतला. आपण त्याच्या गाडीचा नंबरसुद्धा बघितला नाही." खरंच. त्याची गाडी कोपऱ्यावर उभी होती. तिच्याही डाव्या दरवाज्यावर नाव असणार, पत्ता असणार. आम्ही पाच माणसं घरात, कुणीही चार पावलं जाऊन वाचलं नाही. तात्यांनी पुढे धारवाडला, हुबळीला चौकशी केली. पण काय सांगणार? डोक्याला टॉवेल बांधलेला ड्रायव्हर, एवढ्यावर कोण सापडतंय.

आमच्या घरात सीमाप्रश्न रोजचा होता. पाटी मराठीत का कानडीत यावरून आम्ही शाळेपासून भांडणं बघितली. तात्या सभांना जायचे, १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाळायचे, तेही शेवटपर्यंत. त्यात फरक पडला नाही. फक्त त्या पहाटेनंतर कुणी सरसकट 'ती माणसं अशीच' म्हणालं की तात्या उठून आत जायचे.

२०११ साली तात्या गेले. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. दोन वर्षांनी दादानं कर्ज काढून गाडी घेतली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. वहिनी घाबरली होती, मीही. पेंटरकाका आता नाहीत, त्यांचा मुलगा रेडियमची अक्षरं कापून चिकटवतो. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशा चकाकणाऱ्या पट्ट्या लागतात, काचेवर फास्टॅग लागतो. २०१७ ला जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले. पुष्कळ बदललं.

दादानं मला व्हॉट्सॲपवर डाव्या दरवाज्याचा फोटो पाठवला. घर नंबर, गल्ली, शहापूर, पोस्ट, पिन, मोबाइल नंबर. गावाचं नाव नव्या स्पेलिंगनं, कागदावर असतं तसंच. खाली आकडे. मी सवयीनं वजाबाकी केली. मग विचारलं, "भरतोस किती?"

त्यानं लिहिलं, "दरवाज्यावर हाय तेवढंच. पावसाळ्यात दोन टन कमी."

२०१८ साली सरकारनं एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली तेव्हा मी परत फोन केला होता. म्हटलं, आता तर जास्त भरता येईल. दादा म्हणाला, "कागदावर वाढलंय ताई. घाट तोच हाय."

तात्यांशी तो यावर कधी बोलला का, मी विचारलं नाही. ते भिजलेलं पान मात्र त्याच्याकडेच आहे. आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलंय.

तर मंडळी, हायवेवर मी काय शोधते ते हे. आणि लिहिण्याचं कारणही हेच. आपल्यातले पुष्कळ जण धारवाड, हुबळी, हावेरी बाजूला राहतात, तिथं तुमचे शेजारी-मित्र आहेत. १९९४ च्या जुलैमध्ये अनमोड घाटात पडलेल्या साखरेच्या गाडीचा पत्ता वहीच्या पानावर उतरवून, वाट वाकडी करून रात्रीत बेळगावला पोचवला, असं कुणाच्या वडिलांनी, आजोबांनी कधी घरी सांगितलं असेल, तर मला जरूर कळवा. आता ते असतील तर ऐंशीच्या पुढे असतील. नसतील तर मुलं असतील.

आम्हाला त्यांच्या दारात जायचंय. एकतीस वर्षं उशीर झालाय, पण जायचंय.